गाडी परवडते, ऑटो नाही

यंदा तान्ह्या पोळ्याला घरी जायला जमलं. (विदर्भाबाहेरच्या मंडळींसाठी: बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरासोरांचा पोळा असतो, लाकडी नंदीबैल घेऊन.) पुण्याहून रात्रीची गाडी, सकाळी वर्धा, आंघोळ, आईच्या हातचे पोहे आणि मग पॅसेंजरने सिंदीला मामाकडे. वर्धा-नागपूर मार्गावरचं सिंदी, कागदोपत्री 'सिंदी (रेल्वे)'. ज्या गावाच्या नावातच रेल्वे आहे तिथे रेल्वेचं महत्त्व काय असेल हे वेगळं सांगायला नको.

मामेबहीण माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी लहान. बी.कॉम. झाली, टॅली शिकली आणि नागपुरात एका दुकानात हिशेबाच्या कामाला लागली. महिन्याला दहा हजार. मला वाटत होतं की तिचं छान चाललंय. गेल्यावर कळलं की आठ महिन्यांत तिने नोकरी सोडली.

"का गं? मालक त्रास देत होता का?"

"नाही दादा, मालक चांगला होता."

"मग गाडी? लेट होत असेल."

"गाडीचं काही नाही. पास स्वस्त आहे. ऑटोच खाते सारा पगार."

तिने मला हिशेब करून दाखवला. (टॅलीवाली आहे, आकडे तोंडपाठ.) सिंदी ते अजनी, साधारण ४५ किलोमीटर, महिन्याचा पास तीनशेच्या आसपास. अजनीला उतरून दुकान साडेचार किलोमीटर. त्या बाजूला मेट्रो जात नाही, गाडीच्या वेळेला जोडून बस नाही. शेअर ऑटोला एका वेळचे पंचवीस, जाऊन-येऊन पन्नास, सव्वीस दिवसांचे तेराशे. संध्याकाळी उशीर झाला की शेअर ऑटो मिळत नाही, मग आख्खा ऑटो करायचा. म्हणजे महिन्याचे पंधराशे-सोळाशे धरा. ४५ किलोमीटरला तीनशे आणि साडेचार किलोमीटरला सोळाशे! त्यात थंडीच्या दिवसांत घरी यायला नऊ वाजायचे, मामीचा जीव टांगणीला. शेवटी सोडली. आता सिंदीतच एका झेरॉक्सच्या दुकानात बसते, निम्म्या पगारावर.

मी स्वतः इंजिनिअरिंगची चार वर्षं वर्धा-नागपूर अपडाऊन केलंय. तेव्हा हा हिशेब कधी डोक्यात आला नाही, कारण कॉलेजच्या बाजूला जाणारी बस होती. ती होती म्हणून मी आज हिंजवडीत बसून एसीची हवा खातोय. तिच्या वाटेवर नव्हती म्हणून ती झेरॉक्स काढतेय. हुशारीत ती माझ्यापेक्षा काकणभर सरसच आहे.

परतीच्या गाडीत हाच हिशेब डोक्यात फिरत होता. पास एवढा स्वस्त कसा? आणि तसंच शहरातल्या बसचं का होत नाही?

रेल्वेचं उत्तर सोपं आहे. मध्यंतरी कित्येक वर्षं तिकिटावर एक ओळ छापलेली असायची, आठवतेय? रेल्वे प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी फक्त ५७ टक्के रक्कम तिकिटातून वसूल करते, अशा अर्थाची. लोक ती वाचून चिडायचे, उपकार केल्यासारखं सांगतात म्हणून. पण ती ओळ खरी होती. उरलेला पैसा मुख्यतः मालगाड्या कमावतात. चंद्रपूर-बल्लारशाकडून कोळशाच्या वाघिणी भरून आपल्या सेवाग्रामवरून जातात ना, त्या. आपली पॅसेंजर बाहेर थांबवून मालगाडी पुढे काढली की आपण शिव्या घालतो. (मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मुख्य मार्ग वर्धा-नागपूरच्या तुकड्यात एकत्र येतात, त्यामुळे हे थांबणं पाचवीलाच पुजलेलं.) पण माझ्या बहिणीच्या तीनशे रुपयांच्या पासामागे तोच कोळसा उभा आहे.

जगात जिथे जिथे सार्वजनिक वाहतूक धड चालते, तिथे तिकिटाशिवाय दुसरा कुठलातरी 'कोळसा' असतोच. नुसत्या तिकिटावर शहराची वाहतूक चालत नाही. आपल्या मोठ्या शहरांचा घोळ असा की आपण रूळ टाकायला, खांब उभे करायला, बस विकत घ्यायला पैसा उभा करतो, पण ते रोज चालवायला कोळसा कुठून आणायचा हे ठरवतच नाही.

मुंबईची 'बेस्ट' घ्या. १९४७ मध्ये महापालिकेने ती ताब्यात घेतली तेव्हा वीज आणि वाहतूक एकाच छताखाली होती, नावातच दोन्ही आहेत. विजेच्या धंद्यात जे उरायचं ते बसच्या तोट्यात घालायचं, असं हे गणित अनेक दशकं चाललं. मुंबईकराला बसची सवय लागली ती त्या जोरावर. २००३ चा वीज कायदा आला, विजेचा हिशेब वेगळा झाला, विजेच्या बिलातून बसचा तोटा भरण्याला आक्षेप घेतले गेले आणि हळूहळू तो कोळसा संपला. आक्षेप चुकीचा होता असं मी म्हणत नाही. वीज वापरणाऱ्याने बसचे पैसे का द्यावेत, हा प्रश्न रास्त आहे. पण एक कोळसा काढून घेतला तर दुसरा द्यायला हवा होता, तो कुणी दिला नाही. एके काळी चार हजारांहून जास्त बस असलेला हा ताफा पुढे आक्रसत गेला, आणि स्वतःच्या मालकीच्या बसपेक्षा भाड्याच्या बस जास्त झाल्या.

आता २०२५ चे पहिले सहा महिने आठवा. जानेवारीत एसटीची भाडेवाढ, १४.९५ टक्के. मे महिन्यात बेस्टचं किमान तिकीट ५ वरून १०. जूनमध्ये पुण्याच्या पीएमपीचं किमान तिकीट ५ वरून १०, महिन्याचा पास १,५०० रुपयांवर. तिन्हींची कारणं तीच: डिझेल, पगार, तोटा. कारणं खोटी नाहीत. पण राज्यातल्या तीन मोठ्या सेवांना एकाच वेळी एकच उपाय सुचतो, आणि तो म्हणजे ज्याच्याकडे दुचाकी नाही त्याच्या खिशात हात घालणं, हे काही नियोजन नव्हे. आणि यात आणखी एक गोम आहे. तिकीट वाढलं की ज्याला शक्य आहे तो हप्त्यावर गाडी घेतो, बसमधली माणसं कमी होतात, उत्पन्न पुन्हा खाली. पुढच्या भाडेवाढीची सोय झालीच.

आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. नवीन प्रोजेक्ट करायला क्लायंट कोटी रुपये मोजतो. गो-लाइव्हला केक कापतात, सगळ्यांना टी-शर्ट वाटतात, मॅनेजर लोक फोटो काढतात. मग विचारा, "सपोर्टला किती माणसं?" सन्नाटा! दोन पोरांवर अख्खी सिस्टिम सोडून देतात आणि सहा महिन्यांनी विचारतात की युजर नाराज का आहेत. बजेटच्या भाषेत याला कॅपेक्स आणि ओपेक्स म्हणतात. कॅपेक्सचं उद्घाटन होतं, ओपेक्सचं होत नाही. रोज सकाळी साडेआठला न चुकता सुटणाऱ्या बसची फीत कोण कापणार?

नागपूर मेट्रोचंच बघू. ऑगस्ट २०१४ मध्ये केंद्राची मंजुरी, खर्चाचा अंदाज ८,६८० कोटी. त्यातला मोठा वाटा कर्जाचा: जर्मनीची केएफडब्ल्यू ५० कोटी युरो, फ्रान्सची एएफडी १३ कोटी युरो. मार्च २०१९ मध्ये पहिला तुकडा सुरू झाला आणि ११ डिसेंबर २०२२ ला सुमारे ४० किलोमीटरचा पहिला टप्पा पूर्ण. आपल्याकडच्या मानाने हे काम झपाट्याने झालं आणि चांगलं झालं, ते मान्य करायलाच हवं. वर्धा रोडवर तर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्यावर मेट्रो असा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल आहे, त्याला गिनीजचं प्रमाणपत्र मिळालंय. (लांबी बरोबर 'पाय' एवढी. आमच्यासारख्यांना अशा गोष्टींचा उगाच आनंद होतो.) पण प्रकल्प अहवालात जेवढे प्रवासी धरले होते त्यापेक्षा प्रत्यक्षात बरेच कमी आले. आणि २०२२ च्या डिसेंबरातच ४३.८ किलोमीटरच्या दुसऱ्या टप्प्यालाही मंजुरी मिळाली, ६,७०८ कोटींची.

प्रवासी कमी का, याचं उत्तर माझ्या बहिणीच्या वहीत आहे. लोक स्टेशनवर राहत नाहीत आणि स्टेशनवर नोकरी करत नाहीत. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते काम हे दोन तुकडे जोडले नाहीत तर मधली एसी गाडी कितीही चकाचक असो. सरकारला हे कळत नाही असंही नाही. २०१७ च्या केंद्राच्या मेट्रो धोरणात स्पष्ट लिहिलंय की स्टेशनच्या आजूबाजूच्या पाच किलोमीटर पट्ट्याला जोडणाऱ्या फीडर सेवेची हमी राज्याने प्रकल्प अहवालातच द्यायची. हमी द्यायला काही लागत नाही. फीडर बस मात्र रोज डिझेल किंवा वीज मागते, ड्रायव्हरचा पगार मागते.

बसच्या बाबतीत तर हा धडा आपण एकदा गिरवलेला आहे. २००९ मध्ये केंद्राने जेएनएनयूआरएममधून देशभरातल्या शहरांना १५ हजारांहून जास्त बस घ्यायला पैसा दिला. घ्यायला दिला, चालवायला नाही. काही वर्षांत डेपोडेपोत टायर आणि सुट्या भागांवाचून उभ्या बस दिसायला लागल्या. ऑगस्ट २०२३ च्या पीएम ई-बस सेवा योजनेत ही चूक थोडी सुधारलीय: ५७,६१३ कोटींची योजना, दहा हजार इलेक्ट्रिक बस, आणि बस चालवण्यासाठी दहा वर्षं मदत. कुणीतरी दिल्लीत बसून ओपेक्सचा विचार केला, त्याला माझा मनापासून नमस्कार. पण दहा वर्षांनंतर काय? तोपर्यंत शहराने स्वतःचा कोळसा शोधायला हवा.

"पण हे सगळं तोट्याचंच असतं रे, सरकारने किती वर्षं पोसायचं?" हा प्रश्न माझ्या हापिसातल्या मित्रांनी शंभरदा विचारलाय, विशेषतः जे कॅबने येतात त्यांनी. त्यांना माझा उलट प्रश्न: रस्ता नफ्यात असतो का? ज्या दिवशी नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा पूर्ण झाला त्याच दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी भाग सुरू झाला. ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता जून २०२५ मध्ये खुला झाला, खर्च ५५ हजार कोटींवर. आता आमच्याच जिल्ह्यातल्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीपर्यंत ८०० किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखलाय, अंदाज सुमारे ८६ हजार कोटींचा. टोल आहे, मान्य. पण गल्लीतल्या रस्त्यापासून शहरातल्या उड्डाणपुलापर्यंत जे रस्ते आपण फुकट वापरतो त्यांच्या डांबराला आपण 'तोटा' म्हणत नाही, 'विकास' म्हणतो. बसच्या डिझेलला मात्र तोटा म्हणतो.

दुसरा आवडता उपाय म्हणजे "खाजगी कंपनीला देऊन टाका." तेही करून झालंय. मुंबईची पहिली मेट्रो, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर, ११.४ किलोमीटर, जून २०१४ मध्ये सुरू झाली ती खाजगी भागीदारीतूनच. करारातला खर्च २,३५६ कोटी, कंपनी म्हणाली प्रत्यक्षात ४,३२१ कोटी झाला. पहिल्या दिवसापासून भाडं कुणी ठरवायचं यावर सरकार आणि कंपनी यांचं भांडण, कोर्टकचेऱ्या. ऑफिसच्या वेळेला पाय ठेवायला जागा नसलेली ही मेट्रो, तरी कर्जात. गाडी भरून चालली तरी नुसत्या तिकिटावर भागत नाही, याचा आणखी काय पुरावा द्यायचा?

मग बाहेरच्यांचा कोळसा कुठला? हाँगकाँगमध्ये तो जमीन आहे. तिथल्या एमटीआर कंपनीला मार्गाबरोबर स्टेशनच्या आजूबाजूला बांधकामाचे हक्क मिळतात. स्टेशन आल्यामुळे जमिनीचा जो भाव वाढतो तो बिल्डर आणि जमीनमालकाच्या खिशात पूर्ण जाऊ न देता त्यातला वाटा गाडीकडे वळवायचा, असा साधा हिशेब. पॅरिसमध्ये तो पगारबिल आहे. १९७१ पासून पॅरिस आणि आसपासच्या कंपन्यांना, ज्यांच्याकडे ठरावीक संख्येपेक्षा जास्त नोकर आहेत त्यांना, पगारबिलावर वाहतुकीसाठी वेगळी रक्कम भरावी लागते. खुद्द पॅरिसमध्ये हा दर आज साधारण ३ टक्के आहे, आणि तिथल्या वाहतूक प्राधिकरणाच्या उत्पन्नात सर्वात मोठा वाटा त्याचाच. तर्क असा की हजारो माणसं रोज वेळेवर कामाला पोचतात याचा फायदा मालकाला होतो, तर त्याने खर्चात वाटा उचलावा.

आता म्हणाल, ते फ्रान्स आहे, आपल्याकडे कुठे जमणार. आपल्याकडे जमलेलं आहे हो! तुमची पगाराची स्लिप काढा. दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार, 'पीटी' नावाने कापलेले दिसतील. हा व्यवसाय कर महाराष्ट्राने १९७५ मध्ये आणला तो कशासाठी? रोजगार हमी योजनेसाठी. दुष्काळात खेड्यातल्या माणसाला काम द्यायचं, वि. स. पागे यांची कल्पना, आणि त्यासाठी शहरातल्या पगारदारांवर, व्यावसायिकांवर कर. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनेही घालायची. एका ठरावीक कामासाठी, ज्याला झेपतं त्याच्याकडून घेतलेला, कायद्याने बांधलेला पैसा. त्या जोरावर ही योजना दशकानुदशकं चालली आणि २००५ च्या देशपातळीवरच्या कायद्यामागे महाराष्ट्राचा तो अनुभव होता. शहराच्या पगारातून गावच्या कुदळीला पैसा देता आला, तर शहराच्या पगारातून शहराच्या बसला का नाही?

थोडं गणित करू. समजा एका कंपनीत सरासरी पगार साठ हजार आहे. पगारबिलाच्या अर्धा टक्का वाहतूक निधीत द्यायचा. माणशी महिन्याला तीनशे रुपये. माझ्या बहिणीच्या पासाएवढे! आमच्यापैकी बहुतेकांचे एका शनिवारी स्विगीवर याहून जास्त जातात. आणि मोठ्या आयटी कंपन्या आजही हा खर्च करतातच, फक्त स्वतःच्या बसवर आणि कॅबवर. हिंजवडीच्या सिग्नलला बघा, एकाच रस्त्याने एकामागोमाग दहा कंपन्यांच्या दहा अर्ध्या रिकाम्या बस. त्यांच्या शेजारी त्याच कंपन्यांचे सफाई कामगार आणि कॅन्टीनमधले लोक सहा आसनी रिक्षात कोंबलेले. तोच पैसा एका निधीत गेला तर दोघांनाही दर पाच मिनिटांनी बस मिळेल.

दुसरा कोळसाही आपल्याकडे आहे. एप्रिल २०२२ पासून मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे इथे घर घेताना मुद्रांक शुल्कावर एक टक्का जास्त लागतो, ज्याला सगळे मेट्रो सेस म्हणतात. माझ्या रूममेटने पुण्यात ७० लाखांचा फ्लॅट घेतला, त्याचे ७० हजार त्यात गेले. त्याची तक्रार नाही. त्याची तक्रार अशी की घरापासून मेट्रो स्टेशन तीन किलोमीटरवर आणि मधे काहीच नाही, म्हणून सत्तर हजार भरूनही तो बाइकनेच जातो. या एक टक्क्यातला ठरावीक वाटा, म्हणजे निदान चौथा हिस्सा, फक्त बस चालवायला बांधून ठेवा असं कायद्यात का लिहिता येऊ नये?

यावर आक्षेप येतील, येऊ देत. पहिला म्हणजे कंपन्या पळून हैदराबादला जातील. मला नाही वाटत. रोज दीड तास ट्रॅफिकमध्ये सडणारा इंजिनिअर कंपनीला अर्ध्या टक्क्यापेक्षा महाग पडतो. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: निधी जमेल, पण तो ठरलेल्या कामाला लागेल कशावरून? ही भीती मलाही आहे. म्हणून पैसा बस घेतल्याबद्दल द्यायचा नाही, धावलेल्या किलोमीटरबद्दल द्यायचा, आणि वेळेवर धावलेल्या किलोमीटरबद्दल. प्रत्येक बसमध्ये जीपीएस असतोच. कुठली फेरी झाली, कुठली रद्द झाली हे रोज जाहीर करा. एवढा डॅशबोर्ड आमच्या टीममधला फ्रेशर एका विकांतात करून देईल.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. मोठ्या शहराची वाहतूक आखताना शहर कुठे संपतं? महापालिकेचा नकाशा एका रेषेवर संपतो. नागपूरची माणसं मात्र सिंदी, सेलू, वर्ध्यात राहतात आणि सकाळी गाडीने शहरात उतरतात. दुसऱ्या टप्प्यात मेट्रो बुटीबोरीपर्यंत यायची आहे, म्हणजे आमच्या दिशेनेच. पण ई-बसची योजना तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांसाठी, त्यात वर्धा बसत नाही. २०१८ मध्ये रेल्वेच्या आहे त्याच रुळांवरून नागपूर-वर्धा ब्रॉडगेज मेट्रो चालवायचा करार झाला. कल्पना उत्तम होती. नवे खांब नकोत, रूळ आहेत, मेट्रोच्या एका टप्प्याच्या मानाने खर्च किरकोळ. पण करारानंतर ती गाडी मी काही वर्ध्याच्या फलाटावर पाहिलेली नाही. मधल्या काळात कोरोनानंतर पॅसेंजर गाड्या एक्स्प्रेसच्या भाड्याने धावल्या, किमान तिकीट १० वरून ३० झालं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा १० वर आलं. त्या दोन-तीन वर्षांत सिंदी-तुळजापूरसारख्या स्टेशनांवरून किती पोरापोरींनी नागपूरची नोकरी सोडली, हे कुठल्याच प्रकल्प अहवालात सापडणार नाही.

चालवायचा पैसा कुणाचा हे ठरलं नाही तर शेवटी काय होतं हे बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही. बाबांचं मूळ गाव आर्वीकडचं. पुलगाव ते आर्वी ३५ किलोमीटरची नॅरोगेज होती, इंग्रजांच्या काळात कापसासाठी टाकलेली. रूळ एका खाजगी कंपनीच्या मालकीचे, गाडी चालवणार रेल्वे, आणि ही व्यवस्था स्वातंत्र्यानंतरही तशीच राहिली. मालक एक, चालवणारा दुसरा, मग नवीन रुळांचा, दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा? कुणीच केला नाही. गाडी मंदावत गेली आणि एक दिवस बंद झाली. आजोबा तिच्या गोष्टी सांगायचे. ती गाडी कुणी मोडून टाकायचं ठरवलं नव्हतं. तिच्या रोजच्या खर्चाचा विचार करणारं कुणी उरलं नाही, एवढंच.

म्हणून म्हणतो, पुढच्या टप्प्याचा नकाशा काढाल तेव्हा त्याच कागदावर तीन गोष्टी आधी लिहा. रेल्वे, मेट्रो, बस यांचा एकच पास. प्रत्येक स्टेशनवर, अजनी-खापरीसारख्या रेल्वे स्टेशनांवरसुद्धा, गाडीच्या वेळेला जोडलेली बस. आणि ती बस पुढची वीस वर्षं कुणाच्या पैशाने चालणार, त्याचं नाव. हे तिसरं लिहिता येत नसेल तर खांब थोडे उशिरा उभे करा, काही बिघडत नाही.

आणि ते नाव माझं असायला माझी हरकत नाही. महिन्याचे तीनशे कापा. स्लिपवर अजून एक ओळ, त्यात काय. निघताना मामेबहिणीला हे सगळं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "दादा, तुझे तीनशे कापून बस येईपर्यंत माझं लग्न होऊन जाईल."

दुकानात तिच्या जागी अजून कुणी टिकलेलं नाही म्हणे. मालकाचा मध्ये फोन आला होता, परत येते का विचारायला.